दहा तास हातात, समुद्र पंधरा मिनिटांवर

मुंबईहून मॉरिशसला उतरलात, आणि पुढचं विमान सुटायला अजून दहा तास आहेत. पुढे पर्थला जायचं असो, जोहान्सबर्गला असो की अंतानानारिव्होला, हे दहा तास खुर्चीत पाय दुमडून काढायचे नाहीत. विमानतळ बेटाच्या आग्नेय कडेला आहे, आणि हेच तुमचं भाग्य! ब्लू बेचा निळाशार समुद्र टॅक्सीने पंधरा मिनिटांवर, माहेबूर गावही साधारण तेवढ्याच अंतरावर. आज या दोनच जागा करायच्या. आधी समुद्र, मग गाव, मग परत.

राजधानी पोर्ट लुई, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, हे सगळं पुढच्या खेपेला. पोर्ट लुई जवळजवळ पन्नास किलोमीटर आहे आणि तिथल्या रस्त्यावर कधी अडकाल त्याचा नेम नाही. मेट्रो आहे, पण ती विमानतळापर्यंत येत नाही. तेव्हा मोह आवरा.

मी धरून चालले आहे की तुम्ही सकाळी सहाला उतरताय आणि दुपारी चारला पुढचं विमान आहे. तुमच्या वेळा वेगळ्या असतील तर तेवढा फरक करून घ्या. मधला वेळ आठ तासांपेक्षा कमी असेल तर पोहणं गाळून फक्त माहेबूर करा. सहा तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडूच नका.

साहित्य

एक सुती पंचा. टर्किश टॉवेल अजिबात नको, तो तुमच्या पुढच्या मुक्कामापर्यंत ओलाच राहतो; पंचा मात्र वाऱ्यावर अर्ध्या तासात कोरडा होतो. पोहण्याचे कपडे, त्यानंतर घालायला एक कोरडा जोड, पाण्यात घालता येतील असे जुने सँडल, टोपी. सनस्क्रीनची ट्यूब, पण १०० मिलिलिटरच्या आतली. ती झिंकवाली घेतलीत आणि तिच्यात ऑक्सिबेंझोन नाही एवढं पाहिलंत तर पोवळ्यांवर उपकार होतील. ओले कपडे ठेवायला चेनची जलरोधक पिशवी, बाजारासाठी एक कापडी पिशवी, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, पोहण्याचा चष्मा आणि एक पेन. थोडे युरो किंवा डॉलर. बस्स.

घरून निघण्याआधी

१. तिकीट एकच आहे की दोन, ते पाहा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बॅग सहसा थेट पुढच्या मुक्कामाला जाते. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग मॉरिशसला स्वतः उतरवून घ्यावी लागेल आणि पुन्हा द्यावी लागेल. तसं असेल तर टॅक्सी तासांच्या हिशेबाने ठरवा, बॅग डिकीत राहील.

२. वेळ उलटी मोजा. कागदावर पुढच्या विमानाची वेळ लिहा: चार. त्यातून तीन तास वजा करा: एक. म्हणजे एक वाजता तुम्ही विमानतळाच्या दारात. आता उतरण्याच्या वेळेत दोन तास मिळवा, कारण रांग, शिक्का, पैसे, कपडे यात तेवढा वेळ जातोच: आठ. आठ ते एक, हे पाच तास तुमचे. लोक नेमके इथेच चुकतात. ते दहा तासांचा बेत आखतात आणि सातव्या तासाला घामाघूम होतात.

३. त्या दिवशी वार कोणता आहे ते पाहा. सोमवार असेल तर तुमची चांदी, कारण माहेबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो. रविवार असेल तर गावातली बरीच दुकानं दुपारपासून बंद होतात, तेव्हा गावात लवकर पोचा.

४. सुट्ट्यांची यादीही बघून घ्या. गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथली मराठी मंडळी गणपती बसवतात आणि नदीवर, समुद्रावर वाजतगाजत विसर्जन करतात. त्या दिवसांत उतरलात तर दुकानांचा भरवसा धरू नका, पण मिरवणूक दिसली तर दोन मिनिटं थांबा. बेटावर उतरून अर्धा दिवस होत नाही तोच कानावर आरती पडणं, याला काही तोड नाही.

५. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरा. मॉरिशस सरकारचा ‘ऑल इन वन’ नावाचा डिजिटल फॉर्म आहे. तो सरकारी संकेतस्थळावरच भरा. पैसे मागणाऱ्या भलत्याच साइटवर गेलात तर लगेच बाहेर या.

६. फॉर्मची पावती आणि पुढचं तिकीट कागदावर छापून घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मिळतो. पण पुढचं तिकीट मागतात. फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी मान टाकते, म्हणून कागद हवाच. पीतज्वर असलेल्या देशातून येत असाल तर लसीचा दाखलाही बरोबर ठेवा.

७. सगळं साहित्य हातातल्या बॅगेत भरा. मोठ्या बॅगेत टाकलेला पंचा थेट पर्थला पोचेल.

८. खाऊ तपासा. आंबे, कढीपत्ता, रोपं, बिया, उसाचा कुठलाही तुकडा काढून ठेवा. बेटावर उसाची शेती आहे आणि बाहेरची कीड येऊ नये म्हणून तपासणी कडक असते. फराळाचा डबा चालतो, पण विचारलं तर उघडून दाखवायची तयारी ठेवा.

९. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग काढून टाका. मॉरिशसमध्ये त्यांच्यावर २०१६पासून बंदी आहे. चपला गुंडाळायला जुनी उशीची खोळ उत्तम.

१०. पुढच्या विमानात डावीकडची खिडकी निवडा. का, ते शेवटच्या पायरीला सांगते. आत्ता फक्त निवडा.

११. तिकीट एकच असेल तर मुंबईला बॅग देताना तिच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव आहे ना, ते डोळ्यांनी वाचा. काउंटरवरच्या माणसाने ‘होईल, होईल’ म्हटलं तरी वाचा.

विमानात

१२. घड्याळ दीड तास मागे करा. भारतात सकाळचे साडेसात वाजले असतील तेव्हा तिथे सहा. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. आणि दिवसभरात नेमकं तेच बघितलं जातं.

१३. झोपा. सुमारे सहा तासांचं उड्डाण आहे, एक सिनेमा कमी पाहा. जागरण झालेल्या अंगाने उन्हात पोहणं मुळीच चांगलं नाही.

उतरल्यावर

१४. विमानातून बाहेर पडताच पुढच्या विमानाची वेळ फलकावर पाहा. ती अलीकडे आली असेल तर कागदावरची बेरीज-वजाबाकी पुन्हा करा, तिथेच उभं राहून.

१५. हवामान पाहा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम असतो. तिथे वादळाचा इशारा एक ते चार अशा वर्गांत देतात. कोणत्याही वर्गाचा इशारा लागू असेल तर आत बसा, पुस्तक काढा. साध्या पावसाला मात्र घाबरू नका. सर येते आणि जाते, आपल्या श्रावणासारखी.

१६. ‘ट्रान्सफर’चा बाण सोडून ‘अरायव्हल’चा बाण धरा. झोपेत माणूस गर्दीमागे चालत जातो आणि गर्दी चुकीच्या बाणामागे गेलेली असते.

१७. शिक्क्याच्या खिडकीवर एका वाक्यात सांगा: दुपारचं विमान आहे, काही तास ब्लू बे बघायला जाते आहे. इंग्रजीत सांगा. आणि सोबत कागदावरचं तिकीट पुढे करा. लांबलचक गोष्ट सांगू नका, तिने प्रश्न वाढतात.

१८. पैसे थोडेच बदला. तिथलं चलनही रुपयाच आहे, पण मॉरिशसचा; आपली नोट चालत नाही. टॅक्सी, खाणं, पाणी आणि एखादी भेटवस्तू, एवढ्यापुरते पुरेत. सुट्ट्या नोटा मागून घ्या. टपरीवर मोठी नोट दिलीत तर टपरीवालीची पंचाईत होते.

१९. स्वच्छतागृहात जाऊन पोहण्याचे कपडे आतून घाला. समुद्रावर आडोसा शोधत फिरण्यात पंधरा मिनिटं जातात, आणि आज तुमची पंधरा मिनिटं मोलाची आहेत.

२०. सनस्क्रीन तिथेच लावा. अंगावर नीट बसायला थोडा वेळ लागतो, टॅक्सीतला वेळ त्यात भागतो. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पायाचे पंजे विसरू नका. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत तिथे कडक उन्हाळा. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही या भ्रमात राहू नका. लागतं आणि रात्री विमानाच्या खुर्चीला पाठ टेकवत नाही.

२१. पाण्याच्या दोन बाटल्या विकत घ्या. एक पिण्याची. दुसरी अंगावरचं खारं पाणी धुवायची. समुद्रावर गोड्या पाण्याची सोय असेलच असं धरून चालू नका.

२२. टॅक्सी ठरवा, आणि ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: ब्लू बेला सोडणं, सव्वादहाला तिथून माहेबूरला नेणं, आणि पावणेएकला माहेबूरहून परत विमानतळ. एकूण किती, ते बसण्याआधी ठरवा आणि आकडा कागदावर लिहून दाखवा. बोलण्यात पंधरा आणि पन्नास एकसारखे ऐकू येतात, कागदावर येत नाहीत. चालकाशी इंग्रजीत बोला, हिंदीत बोलून पाहा. आणि नावात, आडनावात मराठी खूण दिसली तर मराठीतही एक वाक्य टाकून बघा. तिथल्या मराठी घरांतल्या काही थोरामोठ्यांना ते समजतं, आणि समजलं की चेहरा जो खुलतो तो बघण्यासारखा असतो. बसनेही जाता येतं, पण ब्लू बेची बस माहेबूरच्या स्टँडवरून सुटते, म्हणजे दोनदा चढ-उतार आणि दोनदा वाट पाहणं. आजच्या दिवसाला टॅक्सीच बरी.

२३. टॅक्सीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. परतताना दहा टॅक्सी एकसारख्या दिसतात.

ब्लू बे

२४. सुरूच्या झाडाखाली जागा धरा. हो, आपल्या अलिबाग-काशिदला असतात तीच सुरूची झाडं, किनाऱ्यालगत ओळीने. सुयांसारख्या पानांचा थर पायाखाली मऊ लागतो, पण या झाडांची बारीक बोंडं अनवाणी तळव्याला टोचतात, तेव्हा चपला काढू नका. शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबं मोठमोठी पातेली घेऊन सहलीला येतात. त्यांच्या जेवणाच्या गोतावळ्यात पंचा पसरू नका, दोन झाडं सोडून बसा.

२५. फोनवर दोन गजर लावा: एक दहाचा, एक दहा वाजून दहा मिनिटांचा. पहिल्या गजराला कोणीच पाण्याबाहेर येत नाही.

२६. पासपोर्ट आणि पैसे कोण सांभाळणार ते ठरवा. दोघं असाल तर आळीपाळीने पोहा. एकटे असाल तर सामान डोळ्यांसमोर राहील इतकंच आत जा. मान वळवून बॅग दिसली पाहिजे, हे माप.

२७. सँडल पायात ठेवूनच पाण्यात उतरा. तळाशी सागरी साळू असतात, काळे, लांब काट्यांचे. दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो, आणि तो दगडच वाटतो हीच तर भानगड. पाय सरकवत चला, उचलून टाकत नको. काही टोचलंच तर पाय चोळत बसू नका, सरळ बाहेर या आणि चालकाला सांगून दवाखाना गाठा. अशा वेळी पुढच्या विमानाचा विचार नंतर.

२८. बोयांच्या आतच पोहा. तरंगत्या बोयांची रांग पोहणाऱ्यांची हद्द सांगते, पलीकडून होड्या जातात. इथे भरती-ओहोटीचा फरक कोकणासारखा मोठा नसतो, जेमतेम अर्धा-पाऊण मीटर, त्यामुळे पाणी अचानक मैलभर मागे जात नाही. तरीही बोयांपलीकडचा प्रवाह ओढतो. तिकडे जायचंच नाही.

२९. पोहण्याचा चष्मा लावा आणि तोंड पाण्यात घालून स्थिर तरंगा. हातपाय मारू नका. एक मिनिट काही दिसणार नाही, मग पिवळे-काळे पट्टे असलेले तळहाताएवढे मासे आपणहून जवळ येतात. आता श्वास रोखून कान द्या. बारीक कुरकुर ऐकू येते, कोणी लांब बसून चणे चावतंय अशी. तो पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी पोवळ्यावरचं शेवाळ खरवडतो, त्याचा आवाज. दहा तासांच्या थांब्यात ऐकलेली ही एक गोष्ट वर्षानुवर्षं कानात राहते. आणि एक हात जोडून विनंती: पोवळ्यावर उभं राहू नका. ते दगड दिसलं तरी जिवंत आहे, आणि ही सगळी खाडी सागरी उद्यान म्हणून राखलेली आहे. २००८ साली तिला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखाली पाणथळीचा दर्जाही मिळाला आहे.

३०. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची होडी घ्या. वर लिहिलेलं बहुतेक सगळं काचेतून दिसतं. निघण्याआधी फेरी किती वेळाची ते विचारा. दोन तासांची असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

३१. स्कूबाला कोणी बोलावलं तर नको म्हणा. टाकी लावून खोल बुडी मारल्यावर त्याच दिवशी विमानात बसणं धोक्याचं असतं. साधारण नियम निदान अठरा तास थांबण्याचा आहे, आणि तुमच्याकडे सहाही नाहीत. वरवर तरंगण्याला ही अडचण नाही.

३२. गजर होताच बाहेर या, आणि राखलेली बाटली अंगावर ओता. आधी डोकं, मग खांदे, शेवटी पाय. उलट केलंत तर पायांशीच पाणी संपतं आणि केसांतलं मीठ रात्रभर खाजवतं.

३३. अंग पुसून पंचा सुरूच्या फांदीवर टाका. बहुतेक दिवस आग्नेयेकडून वारा येतो, आणि जून ते सप्टेंबर तर चांगलाच जोरात. पंच्याला गाठ मारा, नाहीतर तो शेजारच्या पातेल्यात.

३४. अननस खा. किनाऱ्यावर कुणीतरी विकत असतं: छोटा, गोड अननस, देठासकट सोललेला, डोळे नागमोडी कापून काढलेले. देठ धरून आइस्क्रीमच्या कांडीसारखा खायचा. वर तिखट-मीठ घालतात. हो म्हणा! पण तिथल्या क्रिओल भाषेत ‘तिगित पिमा’ असं सांगा, म्हणजे थोडंच तिखट. तिथली मिरची दिसायला बारीक आणि वागायला वाईट.

३५. वाळूतलं काही उचललं असेल तर खाली ठेवा. शंख, पोवळ्याचा तुकडा, काहीच नाही. किनाऱ्याचं ते किनाऱ्यावर.

माहेबूर

३६. टॅक्सीने थेट बाजारापाशी उतरा. आधी गाव फिरू, मग खाऊ असं करू नका, कारण पुढच्या पायरीतली गोष्ट दुपारपर्यंत संपून जाते.

३७. धोल पुरी मागा. काचेची पेटी दिसली आणि तिच्यासमोर चार माणसं उभी दिसली की समजा, हीच. म्हणायचं ‘एन पेर’, म्हणजे एक जोडी, कारण ती जोडीनेच देतात. आता नीट बघा. ती बाई पेटीतल्या फडक्याखालून दोन पातळ, पिवळसर पुऱ्या उचलते. नावाला पुरी, पण तळलेली नाही, तव्यावरची. आत हळद-जिऱ्याची चणाडाळ भरडून भरलेली. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर जे उरेल ते, आणि कागदासारखं मऊ. एकीवर दुसरी जराशी सरकवून ठेवते, चमच्याच्या पाठीने पांढऱ्या पावट्यांची रस्सा भाजी पसरते, मग टोमॅटोची ‘रुगाय’, मग विचारते ‘पिमा?’ आणि एका झटक्यात गुंडाळी करून कागदात पिळून देते. सगळं मिळून दहा सेकंद. उभ्याने खा, पुढे वाकून खा. कडेने कोरडी डाळ सांडते, आणि तुमचा तो कोरडा जोड एकच आहे. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, काही ठिकाणी मांसाची भाजीही असते.

एका जोडीवर थांबणं कठीण आहे. दुसरी घ्या, मी काही म्हणणार नाही.

३८. त्यावर आलुदा प्या. थंड दूध, सब्जा, अगर-अगरचे तुकडे. आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ. पोट नाजूक असेल तर अर्धाच ग्लास, पुढे अजून विमान आहे.

३९. बाजारात एकच फेरी मारा. सोमवारी भाज्या, कपडे, टोपल्या सगळं ओसंडत असतं. इतर दिवशी आटोपशीर. दोडका, कारली, दुधी ओळखीचे दिसतील, भाव विचारायचा मोह होईल. विचारा, ‘कोम्ये?’ म्हणजे किती. पण ताज्या भाजी-फळाला हात घालू नका, पुढच्या देशात ते जप्त होईल.

४०. कोरडा खाऊ घ्या. माहेबूरची कसाव्याची बिस्किटं प्रवासाला उत्तम. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याचीच ही बिस्किटं. खरपूस आणि टिकाऊ. मिरचीच्या लोणच्याच्या बाटल्या मात्र नको. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरच्या वरचं तेलकट-पातळ काही आत सोडत नाहीत, आणि ती बाटली टाकून द्यावी लागताना जीव हळहळतो.

४१. उरलेला वेळ पाण्याकाठी बसा. बस स्टँडजवळच खाडीचा काठ आहे. समोर उथळ पाणी, नांगरलेल्या होड्या, आणि पलीकडे बसलेल्या सिंहासारखा डोंगर. काही करू नका. फोटो दोनच काढा. अर्धा तास खरोखर नुसतं बसा, हे तुमच्या पाच तासांतलं सगळ्यात आरामाचं काम आहे.

४२. पावणेएकला टॅक्सीत बसा. अजून पाच मिनिटं म्हणून उठला नाहीत तर ती पाच मिनिटं पंचवीस होतात.

परत विमानतळावर

४३. टॅक्सीवाल्याला ठरलेले पैसे द्या आणि ‘मेर्सी’ म्हणा. उतरण्याआधी मागची सीट आणि डिकी हाताने चाचपा. चष्मा आणि पंचा नेहमी तिथेच राहतात.

४४. स्वच्छतागृहात ओले कपडे पिळून जलरोधक पिशवीत घाला. सँडलमधली वाळू बाहेरच झटका. काही देशांत चपलांना लागलेल्या मातीबद्दलही विचारतात, ऑस्ट्रेलियात तर हमखास.

४५. पाण्याची बाटली रिकामी करा आणि मग तपासणीच्या रांगेत लागा. आधी रांग आणि मग बाटली आठवली तर मागच्यांची बोलणी खावी लागतील.

४६. उरलेले मॉरिशसचे रुपये आतल्या दुकानात संपवा. घरी त्यांचा उपयोग नाही. व्हॅनिला चहाचं पाकीट घ्या, कोरडं असल्यामुळे कुठेही अडत नाही.

४७. दारापाशी जाऊन बसा आणि फोन चार्जिंगला लावा. चौकोनी पिनांचा अडॅप्टर आता काढा. डुलकी लागणारच आहे, म्हणून विमान चढायच्या वेळेचा गजरही लावून ठेवा.

४८. विमान धावायला लागलं की डावीकडच्या खिडकीला नाक लावा. वारा आग्नेयेचा असेल तर विमान थेट समुद्राकडे उडतं, आणि चाकं जमिनीवरून सुटल्या सुटल्या ब्लू बे खाली येतो: आधी फिका हिरवट, मग फिरोजा, मग पोवळ्याच्या बांधाशी पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे एकदम गडद निळा. काही सेकंदच मिळतात, तेव्हा फोन शोधत बसू नका. काठावरची सुरूची काळपट ओळ बघा. मघाशी तुमचा पंचा तिथेच वाळत होता.